जुना संगणक मोडीत काढण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी कितीतरी मशीन एका दिवसात ‘जुनी’ ठरली. राहनाळ आणि भिवंडीच्या आसपासच्या गावांत लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करणाऱ्या छोट्या व्यावसायिकांसमोर आता प्रश्न आहे तो हे मशीन भंगारात द्यायचं का, हा. रात्री रेंडरला लावलेला हळदीचा व्हिडिओ सकाळी अर्धाच झालेला असतो, ही त्यांची तक्रार खोटी नाही. पण सगळं खापर मशीनवर फोडण्याआधी वेळ नेमका कुठे जातो, ते पाहायला हवं.

फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर तासाभराचं न दाबलेलं चित्र सुमारे २८० जीबी होतं. ग्राहकाच्या पेनड्राइव्हवर ८ एमबीपीएसने दिलेला तोच तास ३.६ जीबीत मावतो. ही बचत एन्कोडर मुख्यतः एका युक्तीने करतो: फ्रेममागून फ्रेम जे बदललं नाही, ते पुन्हा लिहायचं नाही. मंगलाष्टकं चालू आहेत, अंतरपाट धरलेला आहे, कॅमेरा ट्रायपॉडवर आहे, अशा वेळी त्याला फारसं काम पडत नाही. आगरी हळदीत मात्र याच्या उलट. डीजेचे दिवे क्षणाक्षणाला रंग बदलतात, धूर सोडलेला असतो, अंगणभर माणसं नाचत असतात आणि वरून चमकी उडते. आधीच्या फ्रेममधलं उचलून वापरावं असं काहीच उरत नाही. त्यात अंधार म्हणून आयएसओ चढवलेला असला, की चित्रात दाणे येतात आणि त्या दाण्यांनाही एन्कोडर हालचालच समजतो. म्हणूनच शूटिंगच्या वेळी एक एलईडी पॅनल जास्तीचा लावला, तर एन्कोडिंगमध्ये त्याचा उपयोग जादा रॅमपेक्षा अधिक होतो.

आणखी मोठी गळती कामाच्या पद्धतीत आहे. कॅमेऱ्यातली फाइल आधी ‘कन्व्हर्ट’ करायची, टाइमलाइनवरून एक्सपोर्ट करायची आणि आकार मोठा वाटला म्हणून तिसऱ्यांदा दाबायची, असं सर्रास चालतं. वेळ तिप्पट जातो आणि चित्र प्रत्येक वेळी थोडं मरतं. मालेगावात, म्हणजे भिवंडीसारख्याच यंत्रमागाच्या गावात, नासिर शेख यांनी २०००च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट केला. त्यांची सुरुवात व्हीसीआरला व्हीसीआर जोडून संकलन करण्यापासून झाली होती. टेपवरून टेपवर घेतलं की चित्र फिकं होणारच, याला तेव्हा इलाज नव्हता. आज फाइलच्या काळात तेच नुकसान आपण हौसेने ओढवून घेतो. एडियस या संकलनाच्या सॉफ्टवेअरमधून मास्टर त्याच्याच एचक्यूएक्स कोडेकमध्ये काढावा आणि त्याच्यावरून एच.२६४ एकदाच करावं. नुसता तुकडा कापायचा असेल, तर एफएफएमपेग या प्रोग्राममध्ये ‘कॉपी’ वापरावं. तिथे पुन्हा एन्कोडिंग होतच नाही, जुन्या मशीनवरही काम मिनिटांत उरकतं.

एचईव्हीसीच्या नादी जुन्या मशीनने लागू नये. २०१३चा हा कोडेक फाइल लहान करतो खरा, पण प्रोसेसरचा घाम काढतो, आणि गावातल्या अनेक जुन्या टीव्हींना तो पेनड्राइव्हवरून वाचता येत नाही. एक्स२६४चा ‘मीडियम’ प्रीसेट आणि सीआरएफ २० ते २२ एवढं लग्नाच्या कामाला पुरतं. २०११नंतरच्या बऱ्याच इंटेल प्रोसेसरमध्ये क्विक सिंक, म्हणजे चिपमध्येच बसवलेलं एन्कोडिंग, असतं. ते झपाट्याने चालतं. पण सुरुवातीच्या पिढ्यांत, त्याच बिटरेटला, हळदीच्या दिव्यांत चौकोन दिसू लागतात. ग्राहकाला मोबाइलवर दाखवायच्या प्रतीपुरतं ते ठीक आहे.

मग वीज. भिवंडीचं वितरण जानेवारी २००७पासून टोरंट पॉवरकडे आहे, तरी पावसाळ्यात एखादा झटका बसतोच. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. पाच तास चाललेलं एन्कोडिंग शेवटच्या मिनिटाला तुटलं, तर ती फाइल उघडत नाही. म्हणून आधी एमकेव्हीमध्ये काढावं. तुटेपर्यंत लिहिलेला भाग हाती राहतो. पूर्ण झालेली फाइल नंतर न दाबता एमपी४मध्ये बदलता येते. साखरपुडा, हळद, लग्न, वरात वेगवेगळी रेंडरला लावून, सेटिंग एकच ठेवून, शेवटी ‘कॉपी’नेच जोडणं त्याहून सुरक्षित.

शेजारी यंत्रमाग असतील, तर कॅबिनेट उघडून पाहावं. कापसाचे बारीक तंतू प्रोसेसरच्या पंख्याखाली नमद्यासारखे बसतात, हवा अडते आणि तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. ब्रश, ब्लोअर आणि नवी थर्मल पेस्ट यांचा खर्च फार नाही.

या मशीनला नव्यापेक्षाही चांगलं जमेल असं एक काम गावोगाव पडून आहे. आगरी लग्नात धवलारीण धवळे, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणते. आधीच्या पिढीतल्या धवलारणींचे आवाज घरोघरच्या व्हीएचएस आणि मिनीडीव्ही कॅसेटमध्ये आहेत आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत त्या कॅसेटना बुरशी लागते आहे. मिनीडीव्ही उतरवायला फायरवायर लागतं. ते नव्या मदरबोर्डवर क्वचित सापडतं, जुन्यात मात्र कार्ड बसतं. पाल पद्धतीचं चित्र ७२० बाय ५७६चं, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर एक पंचमांश पिक्सेल. कोअर टू ड्युओलाही हे ओझं झेपतं. सेकंदाच्या ५० फील्डच्या ५० फ्रेम कराव्यात, निम्मी फील्ड टाकून दिली तर नाच धक्के खात दिसतो. धवळ्यांचा आवाज एमपी३मध्ये चेपू नये. मूळ डीव्ही फाइल तासाला सुमारे १३ जीबी घेते. ती पुसू नये. ४ टीबीच्या डिस्कवर तासातासाच्या जवळपास तीनशे कॅसेट राहतात. इंटरनेट काढून ठेवलेल्या मशीनवर हे काम रात्रभर चालू द्यावं आणि कॅसेट परत करताना घरच्यांकडून गाणारीचं नाव, गाव आणि साल विचारून फाइलच्या नावात लिहावं.