शिक्कामोर्तब हवेच!

शिवकालीन राजपत्रांच्या माथ्यावर शिक्का उमटविला जाई आणि मजकूर जिथे संपे तिथे मोर्तब होई. पत्र कोणाचे हे शिक्का सांगे आणि मोर्तबानंतर त्यात एक अक्षरही घुसविता येत नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आजही नित्य वापरात आहे. त्यामागील दक्षता मात्र विस्मृतीत गेली आहे. दरपत्रके, बिले, बँक खात्याचे तपशील, कामगारांच्या आधार-पॅनच्या प्रती असा लघुउद्योगाचा सारा ऐवज आज ई-मेलने प्रवास करतो. आणि बहुतेक ठिकाणी या पत्राला ना कुलूप असते, ना मोहर.

ई-मेल वाहून नेण्याची जी पद्धती १९८२ साली निश्चित झाली, ती परस्परांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या छोट्या जगासाठी होती. मजकूर झाकण्याची वा पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय तीत नव्हती. ते एक पोस्टकार्डच होते. १९९९ साली या प्रवासाला एन्क्रिप्शनचे, म्हणजे कूटलेखनाचे, कवच मिळाले आणि आज मोठ्या सेवा ते आपणहून वापरतात. परंतु हे कवच वाटेपुरतेच. पत्र मुक्कामी पोहोचले की पुन्हा उघडे. ज्याच्या हाती पासवर्ड पडला, त्याच्या हाती वर्षानुवर्षांचा दप्तरखाना पडला!

‘आमच्यासारख्या छोट्या माणसाकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?’ हा प्रश्न अनेक उद्योजक विचारतात. चोराला त्यांचे गुपित नको असते. बिल कोणत्या तारखेला निघते आणि पैसे कोण पाठविते, एवढेच त्याला हवे असते. तो आठवडेच्या आठवडे निमूटपणे पत्रे वाचतो आणि नेमक्या वेळी ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे दोन ओळींचे पत्र धाडतो. २०१५ साली ओएनजीसीसारख्या बलाढ्य सार्वजनिक उपक्रमाच्या ई-मेल पत्त्यात किंचित फेरफार करून भामट्यांनी सौदी अरेबियातील ग्राहकाकडून येणारे सुमारे १९७ कोटी रुपये भलत्याच खात्याकडे वळविल्याचे प्रकरण मुंबईत उघडकीस आले होते. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात अशा फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतील नुकसान सुमारे २९० कोटी डॉलर होते. मोठी संस्था असा घाव सोसते. पंधरा-वीस कामगारांच्या कारखान्याचे मात्र एक बिल बुडाले तरी त्या महिन्याचे पगार थकतात.

म्हणूनच केवळ कुलूप पुरेसे नाही, मोहरही हवी. ‘एस-माइम’ किंवा ‘पीजीपी’ या पद्धतींत प्रत्येकाजवळ दोन किल्ल्या असतात. जाहीर किल्लीने कोणीही पत्र बंद करू शकतो, ते उघडते मात्र केवळ मालकाच्या खासगी किल्लीने. त्याच खासगी किल्लीने सही केली तर एक आकडा बदलला तरी ते उघड होते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने अशा डिजिटल सहीला मान्यता दिली आहे. निविदा आणि कंपनीची विवरणपत्रे भरण्यासाठी अनेक उद्योजकांनी ती घेतलेलीही आहे. पण ती असते कोठे? सनदी लेखापालाच्या खणात! ती स्वतःच्या ताब्यात घेऊन प्रत्येक बिलावर उमटविणे, हा पहिला धडा.

बाकीची शिस्तही फार खर्चाची नाही. ई-मेल खात्याला दुहेरी पडताळणी असावी. गोपनीय कागद पासवर्ड लावून पाठवावा आणि तो पासवर्ड दुसऱ्या ई-मेलने नव्हे, दूरध्वनीने कळवावा. आपल्या नावाने परक्याचे पत्र जाऊ नये यासाठी एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या नोंदी सेवा पुरविणाऱ्याकडून करून घ्याव्यात. खाते बदलल्याचे पत्र आले की जुन्या, ओळखीच्या क्रमांकावर प्रत्यक्ष बोलल्याखेरीज एक रुपयाही हलवू नये. कारण मिळत्याजुळत्या पत्त्यावरून आलेल्या पत्रापुढे कोणतेही कूटलेखन हतबल ठरते. आणि घात झालाच, तर लाजेखातर गप्प न बसता तत्क्षणी बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. प्रत्येक तासागणिक पैसे दूर जात असतात.

कायद्याचा धाकही आता दूर नाही. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणात कसूर झाल्यास २०२३ च्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र दंडाहूनही मोठे नुकसान वेगळेच असते. खरेदीदार म्हणतो, पैसे दिले. विक्रेता म्हणतो, मिळाले नाहीत. दोघेही खरे बोलत असतात आणि तरीही पिढ्यांचा संबंध तुटतो. भांडवल पुन्हा उभे करता येते, गेलेली पत सहजी परत मिळत नाही. बैल गेल्यावर झोपा करण्याऐवजी ज्याने त्याने आजच आपल्या पत्रव्यवहारावर शिक्कामोर्तब करावे, हेच शहाणपणाचे.