देवयानीवरचा खटला

दीपनगर म्हणजे भुसावळजवळची औष्णिक वीजकेंद्राची वसाहत. इथे उन्हाळ्याच्या दुपारी बाहेर पडवत नाही. अशाच दुपारी वसाहतीतल्या दहाबारा जणी एकत्र जमून पुस्तके वाचतात. मी तिथे गेले होते कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची माहिती द्यायला. माझे बोलणे वीस मिनिटांत आटोपले आणि बायका ‘ययाति’वर तुटून पडल्या त्या थेट सहापर्यंत.

वि. स. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ सालची. १९७४ साली तिच्यामुळे मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळाले. संजीवनी विद्या, शाप, क्षणात येणारे म्हातारपण असे सगळे अद्भुत तिच्यात आहे. तरी वाचणारीला ते शेजारचे बिऱ्हाड वाटते, कारण ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली हकीकत स्वतःच सांगतात. साहजिकच वाचणाऱ्या बाजू घेतात.

निकाल बहुमताने लागला. देवयानी गर्विष्ठ, तिने नवऱ्याला मन दिले नाही, म्हणून तो दुसरीकडे गेला. शर्मिष्ठेने काहीच मागितले नाही, म्हणून तिचे प्रेम खरे. आणि ययाती? पुरुषच तो, शेवटी सुधारला ना!

मैत्रिणींनो, हा निकाल मी आधीही ऐकला आहे, समेटाच्या बैठकीत. नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला तिच्याच माहेरची माणसे विचारतात, तू जरा गोड बोलली असतीस तर? देवयानीने काय करायला हवे होते याची यादी आमच्याकडे तयार असते. ययातीची यादी कोणी केलेली नाही. महाभारतातला ययाती मुलाचे तारुण्य हजार वर्षे वापरतो आणि मग वासना भोगून शमत नाही, हे ज्ञान जगाला देतो. त्याच महाभारतात, उद्योगपर्वात, त्याला माधवी नावाची मुलगी आहे. गालव गुरुदक्षिणेच्या आठशे घोड्यांसाठी दारात आला, तेव्हा घोडे नव्हते म्हणून बापाने मुलगी दिली. दोनदोनशे घोड्यांच्या बदल्यात एकेक मुलगा जन्माला घालायला ती तीन राजांकडे फिरली. आमच्या मंडळात तिचे नाव एकीलाही ठाऊक नव्हते. एम.एस.डब्ल्यू. होईपर्यंत मलाही नव्हते.

मुली तरी वेगळे वाचतात का? वसाहतीतल्या मुलींनी इंग्रजीतली ‘ट्वायलाइट’ मालिका वाचली आहे. २००५ साली आलेल्या पहिल्या पुस्तकात रक्तपिपासू नायक एडवर्ड रात्री नायिकेच्या खोलीत शिरतो आणि तिला न कळता तिला झोपलेली पाहत बसतो. मुलींचे दोन पक्ष आहेत, एडवर्डचा आणि जेकबचा. बेलाचा, म्हणजे नायिकेचा, पक्षच नाही. मी म्हटले, असा कोणी तुमच्या खिडकीतून आत आला तर? त्या हसल्या, “ताई, ती फॅन्टसी आहे!” आया देवयानीबद्दल असे म्हणत नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो संसार आहे.

आमच्या एका सहकारी कार्यकर्तीचे म्हणणे पडले, पाण्याचे, रेशनचे प्रश्न सोडून कादंबऱ्यांत कशाला वेळ घालवायचा? माझे तिच्याशी भांडण आहे. वसाहतीत कोणाचा नवरा कोणत्या शिफ्टला, कोणाच्या हाताखाली, हे सगळ्यांना ठाऊक असते. तिथे बाई स्वतःच्या नावाने बोलू शकत नाही. ती देवयानीच्या नावाने बोलते, किंवा इतर जणी देवयानीला काय म्हणतात ते ऐकत राहते. त्या दुपारी एक जण काहीच बोलली नव्हती. महिन्याने ती मला एकटीच भेटली. नवऱ्याचे प्रकरण तीन वर्षांचे होते. आधी का नाही सांगितलेस, म्हटल्यावर म्हणाली, “त्या दिवशी सगळ्या देवयानीला काय काय बोलल्या, ऐकलं ना तुम्ही?” १९९४ साली जळगावचे वासनाकांड उघडकीला आले तेव्हा मी पाळण्यात होते. पण मुली पुढे यायला का धजावल्या नाहीत, हे मला त्या दिवशी कळले.

पुढच्या बैठकीत मी देवयानीची वकील झाले. छान बाजू मांडली, असे मला वाटत होते. दाराशी बसलेली, घरोघरी धुणीभांडी करणारी एक बाई मध्येच म्हणाली, “अन् ते शर्मिष्ठा? ते नाही म्हनली असती तं जाती कुठी?”

मला उत्तर सुचले नाही. शर्मिष्ठा राजकन्या, पण बापाच्या राज्यासाठी दासी म्हणून देऊन टाकलेली. महाभारतात ती स्वतःच ययातीकडे जाते, म्हणून तिची संमती होती असे आपण धरून चालतो. दुसरे कोणते दार तिला उघडे होते, हे विचारत नाही. तिला दासी मागणारी माझी अशील देवयानीच होती. बाईने बाईला राबवणे माझ्या वकिलीत कुठे आलेच नव्हते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकामगार बाईही येते आणि मालकाचे घर हे तिच्या कामाचे ठिकाण धरले जाते. मी तेवढे सांगितले. तिच्या मालकिणी समोर सतरंजीवर बसल्या होत्या. कोणीतरी चहा आणायला उठले आणि चर्चा तिथेच थांबली.

पुढच्या महिन्यात मी या कायद्यावर बोलणार आहे. ती बाई आत सतरंजीवर बसेल की दाराशीच, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.