जुन्या मोटारीतील पाणी

बमरोलीस आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने वडिलांची प्रीमिअर पद्मिनी अद्याप जपली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही मोटार निघेनाशी होऊन दोन तपे उलटली. सुरतेचा पाऊस मात्र नेमाने येतो. गतवर्षी चालकाच्या पायांखाली पाणी साचू लागले, म्हणून त्यांनी पुढील काचेचे रबर बदलले. पाणी साचतच राहिले.

वाचकहो, पाणी जेथे दिसते तेथूनच ते शिरते असे नव्हे. पत्र्याच्या कडेने ते हातभर दूर जाते. आम्ही गालिचा काढून तळ वाळविला व त्यावर खडूची पूड भुरभुरली. एकजण विजेरी घेऊन आत बसला, दुसऱ्याने बाहेरून नळीची हलकी धार धरली, तीही खालून आरंभून हळूहळू वर. वरून ओतल्यास सारेच भिजते आणि काही उमगत नाही. दारावर धार येताच पुडीत ओली रेघ उमटली.

काचेलगत दारात पाणी उतरायचेच. ते निघून जावे म्हणून दाराच्या तळाशी भोके असतात. ती कोणा शहाण्याने गळती समजून लांबीने बुजविली होती! तारेने ती मोकळी केली, अस्तरामागचा फाटका प्लास्टिकचा कागद बदलला. गालिच्याखालचा पत्रा मात्र तळहाताएवढा गंजला होता; तेवढा कापून नवा जोडावा लागला.