परत फिरण्याची मुभा दहाच दिवस का?

विंडोज १० या प्रणालीचा नियमित सपोर्ट मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. त्यामुळे लहानमोठ्या व्यापाऱ्यांना आपले संगणक विंडोज ११ वर नेणे भाग पडले. ज्यांचे काम सुरळीत चालले त्यांचे ठीक. परंतु ज्यांचा प्रिंटर अडला किंवा हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर उघडेना, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहतो की आता मागे कसे फिरावे? या प्रश्नाला तांत्रिक बाजू आहे, तशी न्यायाचीही बाजू आहे.

आधी तांत्रिक बाजू पाहू. अपग्रेड झाल्यावर जुनी प्रणाली लगेच पुसली जात नाही. ती सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये राखून ठेवलेली असते. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी या मार्गाने गेल्यास 'गो बॅक' हे बटण मिळते. ते वापरल्यास जुनी विंडोज परत येते. आपल्या फायली राहतात, मात्र अपग्रेडनंतर बसविलेले प्रोग्राम जातात. ही सवलत फक्त दहा दिवसांची आहे. पुढे तो फोल्डर आपोआप पुसला जातो. जागा मोकळी करण्याच्या नादात कोणी तो आधीच उडविला तर वाट त्याच दिवशी बंद होते.

पूर्वी असे नव्हते. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा ही मुदत ३० दिवसांची होती. ऑगस्ट २०१६ च्या मोठ्या अपडेटपासून ती दहावर आणली गेली. कंपनीचे म्हणणे असे की, परत फिरणारे बहुतेक लोक पहिल्या काही दिवसांतच फिरतात, मग डिस्कवरील जागा उगाच का अडवावी?

घरगुती वापरापुरते हे म्हणणे पटण्यासारखे आहे. दुकानाचे काम मात्र महिन्याच्या चक्रावर चालते. दरमहा विवरण भरणाऱ्याला जीएसटीआर-१ अकरा तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी वीस तारखेपर्यंत भरावे लागते. समजा, एखाद्या कंपनीने २१ तारखेला अपग्रेड केले. डिजिटल सहीचे टोकन नवी प्रणाली ओळखत नाही, हे तिला पुढील ११ तारखेला कळेल. तोवर परतीची मुदत केव्हाच संपलेली असेल. ज्या मालाचा दोष महिन्याने दिसतो, त्याची पारख दहा दिवसांत करा म्हणणे म्हणजे पारख करूच नका म्हणण्यासारखे आहे.

डॉसवर चालणारे फॉक्सप्रोचे हिशेब ज्यांनी आजवर सांभाळले त्यांची अडचण याहून मोठी आहे. असे प्रोग्राम ३२-बिट विंडोज १० वर चालत असत. विंडोज ११ फक्त ६४-बिट स्वरूपातच येते आणि तिच्यावर ते चालत नाहीत. शिवाय अशा संगणकावर ती नव्यानेच बसवावी लागते, त्यामुळे 'गो बॅक'ची सोयच उरत नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये इनपेज किंवा श्रीलिपीच्या जुन्या आवृत्त्या असतात. त्यांचा डोंगल नव्या विंडोजने ओळखला नाही तर ऐन हंगामात काम ठप्प होते.

आमच्या फिकहमध्ये व्यवहार मोडण्याच्या हक्काला 'खियार' म्हणतात. ठराविक मुदतीत सौदा रद्द करण्याची अट म्हणजे खियार-ए-शर्त, आणि दोष आढळल्यास माल परत करण्याचा हक्क म्हणजे खियार-ए-ऐब. खियार-ए-शर्तची मुदत इमाम अबू हनीफा (रह.) यांनी तीन दिवस मानली. त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) यांनी मात्र उभयपक्षी ठरेल ती मुदत मान्य केली. येथे मुदत कोणी ठरविली? एकट्या कंपनीने. अपग्रेड फुकट आहे, मग तक्रार कसली, असे कोणी विचारील. संगणक फुकट मिळालेला नाही, आणि त्यासोबत आलेली जुनी विंडोजही पैसे मोजूनच घेतलेली आहे. ती काढून घेताना मालकाची खुशी हवी. २०१६ मध्ये तर सूचनेची चौकट फुलीवर क्लिक करून बंद केली तरी ठरलेले अपग्रेड रद्द होत नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेत अशा अपग्रेडमुळे धंद्याचे नुकसान झाल्याच्या दाव्यात कॅलिफोर्नियातील एका महिला व्यावसायिकाला मायक्रोसॉफ्टकडून १० हजार डॉलर मिळाले.

म्हणून आमचे मत असे की, ही मुदत पुन्हा किमान ३० दिवसांची असावी आणि अपग्रेड करण्यापूर्वीच ती ठळकपणे सांगितली जावी. आजही आज्ञा देऊन ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढविता येते, पण दहा दिवस उलटण्याआधीच. ही सोय जाणकाराला ठाऊक असते, दुकानदाराला नाही.

तथापि मागे फिरणे म्हणजे कायमचा मुक्काम नव्हे. सपोर्ट संपलेली प्रणाली इंटरनेटवर चालविणे म्हणजे गल्ला उघडा ठेवून दुकानाबाहेर जाणे होय. मुदत टळली म्हणून मेकॅनिककडून चोरीची विंडोज बसवून घेणे तर मुळीच योग्य नाही. ते नाजायजही आहे आणि धोक्याचेही. नव्या संगणकासोबत विंडोज ११ प्रो आलेली असेल तर विंडोज १० प्रोवर जाण्याचा परवाना तिच्यातच असे, पण तो विंडोज १० चा सपोर्ट चालू असेपर्यंतच होता. होम आवृत्तीला तो नव्हता.

व्यापारी बांधवांनी एवढे तरी करावे. अपग्रेडपूर्वी सर्व डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. मार्चअखेर किंवा सणाच्या तोंडावर प्रणाली बदलू नये. आधी एकाच संगणकावर बदल करावा, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत बिल, विवरण, प्रिंटर, टोकन सर्व चालवून पाहावे. दहावा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवावा. जुन्या सॉफ्टवेअरवाचून चालतच नसेल तर एक जुना संगणक इंटरनेट तोडून त्यासाठीच ठेवावा.

उधार देताना आपण मुदत लिहून घेतो. आपल्याला मिळालेली मुदतही तितक्याच काळजीने वाचली पाहिजे.