एक जूनचे म्हातारपण

मे महिन्याच्या अखेरच्या दिवशी महाराष्ट्रातील शाळांत आणि कचेऱ्यांत निरोपसमारंभांची एकच गर्दी उडते. शाल, श्रीफळ, दोन भाषणे आणि समूहछायाचित्र. इतकी माणसे एकाच दिवशी अठ्ठावन्न वर्षांची कशी होतात, असे कोणी विचारीत नाही. कारण उत्तर सर्वांस ठाऊक असते. मूल शाळेत आणले तेव्हा आईबापांपाशी जन्मतारीख नव्हती. ते सहा वर्षांचे दिसते असे गुरुजींनी ठरविले आणि दाखलखारीज पुस्तकात १ जून ही तारीख घातली. त्या एका अंदाजाने पुढे नोकरीचा शेवट ठरला.

तुळजापूर तालुक्यात तर वय तारखेने मोजण्याची रीतच अलीकडची. रझाकारांच्या धामधुमीत पाळण्यात होतो, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, किल्लारीच्या भूकंपाच्या साली नातू झाला, अशी येथील वयाची गणना. ती अडाणीपणाची नव्हे. जन्मनोंद नसेल तेथे लोकसंख्याशास्त्राचे अभ्यासकही अशाच घटनांच्या आधारे वय काढतात. कारण नुसते विचारले तर माणसे साठ, पासष्ट, सत्तर असे ठोकळ आकडे सांगतात आणि खानेसुमारीच्या तक्त्यांत त्या आकड्यांवर ढीग साचतात.

एवढ्या डळमळीत आकड्यावर व्यवहार मात्र कठोर चालतो. २००७ च्या कायद्याने माणूस साठाव्या वर्षी ज्येष्ठ नागरिक होतो. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन मागावयाचे तर पासष्ट पुरी हवीत. राज्याचा कारकून अठ्ठावन्नाव्या वर्षी थकला असे मानले जाते, त्याच कचेरीतील शिपाई साठपर्यंत थकत नाही, उच्च न्यायालयाचा न्यायाधीश बासष्टपर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयाचा पासष्टपर्यंत! प्रशासनाला कोठेतरी रेघ ओढावीच लागते, हे कबूल केले पाहिजे. परंतु सोयीसाठी ओढलेली रेघ हाच निसर्गनियम समजून ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत माणसाला मोडीत काढणे ही निराळी गोष्ट आहे. वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या या वृत्तीस अमेरिकन वैद्य रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये ‘एजिझम’ असे नाव दिले, आणि वंशद्वेषाच्या पंक्तीत तिला बसविले. आपल्याकडे तिला वयभेद म्हणता येईल. जगातील दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वृद्धांविषयी असा आकस असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात नमूद आहे.

वृद्धांची बुद्धी खरोखरच नाठी होते काय? आज विशीतल्यांची आणि सत्तरीतल्यांची परीक्षा घेऊन गुणांची तुलना करणे, ही उत्तराची सोपी वाट. तशी तुलना केली की बुद्धीचा उतार तरुणपणीच लागलेला दिसतो. वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये सिअ‍ॅटल येथे निराळी वाट धरली. त्याने दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा पुन्हा तपासले. तेव्हा आढळले की बहुतेकांच्या बहुतेक शक्ती साठीपर्यंत टिकतात आणि त्यानंतरचा उतारही माणसागणिक वेगळा असतो. पहिल्या पद्धतीत वयाच्या माथी मारलेला बराचसा दोष पिढीचा होता. आधीच्या पिढीला शिक्षणच कमी मिळाले होते.

हा भेद मराठवाड्याइतका दुसऱ्या कोणाला उमगावा? १९४८ पर्यंत येथे निजामाचे राज्य. शाळा विरळ, सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू. पुढे शाळा निघाल्या, तरी खेड्यातल्या मुलींच्या वाट्याला त्या उशिरा आल्या. १९७२ च्या दुष्काळात ज्या आईबरोबर कामावर गेल्या, त्या आज साठी ओलांडून बसल्या आहेत. बँकेच्या खिडकीशी ‘म्हातारीला काही कळत नाही’ असे जिच्याविषयी म्हटले जाते, तिला वयाने नव्हे, तर हुकलेल्या शाळेने अडविलेले असते. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही, हाही दोष उतारवयाइतकाच आयुष्यभराच्या कष्टांचा आहे.

हिंदुस्थानात असा दीर्घ अभ्यास उशिरा सुरू झाला. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे बहात्तर हजार लोकांना गाठले. हाताच्या पकडीचे बळ, स्मरणशक्ती, रक्त, मिळकत, घरात मिळणारी वागणूक हे सारे त्यात तपासले गेले. साठऐवजी पंचेचाळिसापासून आरंभ केला, ही गोष्ट महत्त्वाची. म्हातारपण एके दिवशी उगवत नाही, हे त्यात गृहीत आहे.

अमेरिकेतील बेका लेव्ही यांचे २००२ चे संशोधन तर अधिकच विचारात टाकणारे आहे. ओहायो राज्यातील पन्नाशीपुढच्या सहाशे साठ लोकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. स्वतःच्या वार्धक्याविषयी बरे मत असणारे लोक वाईट मत असणाऱ्यांपेक्षा सरासरीने साडेसात वर्षे अधिक जगले होते; प्रकृती व सांपत्तिक स्थिती हिशेबात घेऊनही अंतर उरले. ते मत माणूस वार्धक्यात बनवीत नाही. आजोबांना ‘तुम्ही गप्प बसा’ असे म्हटलेले नातवंड ऐकते तेव्हाच ते रुजू लागते.

कोजागरीला सोलापुराहून तुळजापूरला पायी येणाऱ्यांत साठीपुढची माणसे थोडी नसतात. देवळाच्या पायऱ्या उतरताना त्यांच्याकडे पाहिले, तर कोण अठ्ठावन्न आणि कोण सत्तर हे ओळखणे कठीण. टाटा समाजविज्ञान संस्थेचे केंद्र याच गावात आहे. तेथील विद्यार्थ्यांनी तालुक्यातील काही गावे निवडून तीच माणसे वर्षानुवर्षे पुन्हा भेटण्याचे काम हाती घ्यावे. निवृत्त शिक्षकांइतके जाणते साहाय्यक त्यांना दुसरे मिळणार नाहीत. तोवर तहसील कचेरीने एवढे करावे: ज्यांचे वय कागदावर अंदाजानेच लिहिले गेले, त्यांच्या अर्जात वर्षा-दोन वर्षांचा संशय उरला, तर त्याचा लाभ अर्जदाराला द्यावा.