घरचं आरोग्य : हात धुतल्यानं कावीळ उतरते का?

रहिमतपूरच्या बाजाराला आलेल्या आयाबायांना विचारा, कावीळ झाली तर काय करावं? बहुतेक जणी सांगतील, "अमक्या गावाला नेऊन उतरवून आणा." तिथं चुन्याच्या पाण्यात हात धुतात, पाणी पिवळं होतं, आणि कावीळ निघाली म्हणून आपण निर्धास्त होतो. मंडळी, हाताला आधी झाडपाल्याचा रस लावलेला असतो. चुना लागला की तो पिवळा पडतो. धडधाकट माणसाचे हात धुवून पाहा, तेच होईल!

मुळात कावीळ हा रोग नव्हे, रोगाची खूण आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांनी मोडतात, त्यातून पिवळं द्रव्य निघतं. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकतं. पेशी फार मोडल्या, यकृत सुजलं किंवा खड्यानं पित्ताची नळी तुंबली, की ते रक्तात साठतं. मग डोळे आणि लघवी पिवळी होते. शौचाला पांढुरकं होऊन अंगाला खाज सुटली, तर नळी तुंबल्याची शंका घ्यावी.

यकृत सुजण्याला दारू, दूषित रक्त, न उकळलेल्या सुया अशी कारणं आहेतच. पण गावात साथ येते ती पाण्यातून. २०१२ साली इचलकरंजीत अशीच साथ येऊन माणसं दगावली. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली.

ही पाण्यातली कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. म्हणूनच उतरवणाऱ्याला यश येतं. पण घरात पोटुशी सून असेल तर हा हिशेब धरू नका. शेवटच्या तीन महिन्यांत 'ई' जातीची कावीळ झाली, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या. कोणाही रोग्याला गुंगी आली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा रक्त पडलं, तर रात्र असली तरी थांबू नका.

रोग्याला उपाशी ठेवू नये. पचेल ते घरचं अन्न द्यावं. उसाचा रस चालेल, पण रस्त्यावरचा बर्फ घातलेला नको, त्याच बर्फातून कावीळ यायची. आणि साथ असेतोवर पिण्याचं पाणी खळखळून उकळा, पोरांच्या शाळेच्या बाटलीतलंसुद्धा.