रात्रभर शिजणारं कणीस

गेल्या सोमवारी ओपीडीत एका आजींनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, सुनेनं मंद शिजवायचं विजेचं भांडं आणलंय. रात्री भुट्टे टाकते, सकाळी मऊ लुसलुशीत निघतात. मंद आचेवर शिजलेल्यानं शुगर वाढत नाही म्हणे. खरं का?"

मी उलट विचारलं, "रात्री लाईट गेली होती का?"

आजी हसल्या. पण माझी पहिली काळजी तीच आहे. या स्लो कुकरमध्ये अन्न तापायलाच वेळ लागतो. जंतूंना ५ ते ६० अंश सेल्सिअसमधलं तापमान मानवतं. कुकर चांगला तापला की अन्न त्या टप्प्याच्या वर जातं आणि सुरक्षित राहतं. पण मध्यरात्री वीज गेली, तर तेच पाणी हळूहळू कोमट होतं. पहाटे वीज आली की बटणाचा कुकर आपोआप पुन्हा तापतो. सकाळी तुम्हाला वाफाळतं कणीस दिसतं, मधले तीन तास दिसत नाहीत. काही जंतूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा तापवूनही जात नाही. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते ते यासाठीच. आपल्याकडे लाईटचा भरवसा किती, हे जालनेकरांना मी काय सांगू!

आता शुगर. मंद आचेनं मक्यातला स्टार्च कुठे जात नाही. उलट जितका मऊ शिजेल तितका तो पचायला सोपा होतो. खरी गफलत वेगळीच आहे. कणीस आपण वरचं खाणं समजतो, पण मका हे धान्य आहे. स्वीट कॉर्नच्या एका मध्यम कणसात साधारण २० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे जवळपास अर्धी भाकरी. गावरान मक्याचं निबर कणीस असेल तर त्याहून जास्त. मधुमेह असला तरी खा, जरूर खा. आमच्या भोकरदन-जाफराबादकडे मका एवढा पिकतो, तो सोडा म्हणणारा मी कोण? फक्त दोन कणसं खाल्ली तर त्या जेवणात एक भाकरी कमी करा.

मग शिजवायचं कशात? माझं मत साधं आहे, आपला शिट्टीचा कुकर. कोवळ्या स्वीट कॉर्नला एक-दोन शिट्ट्या आणि गावरान कणसाला तीन-चार पुरतात. दहा-पंधरा मिनिटांच्या कामाला आठ तास कशाला? २००२ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी स्वीट कॉर्न ११५ अंशांवर शिजवून पाहिलं. क जीवनसत्त्व कमी झालं, पण फेरुलिक आम्ल नावाचं उपयोगी द्रव्य मोकळं होऊन वाढलं. हा प्रयोगशाळेतला निष्कर्ष, त्यावरून कुणी औषध म्हणून मका खाऊ नये. पण तेवढं तापमान आपला प्रेशर कुकर गाठतो, स्लो कुकर नाही.

सुनेला भांडं वापरायचंच असेल तर दिवसा, घरात कुणी जागं असताना वापरावं. झाकण सारखं उघडू नये, आणि शिजलं की कणसं लगेच काढावीत. बीपी असेल तर पाण्यात मीठ नको, वरून लिंबू पिळा. गाड्यावरचं कणीस घेतलंत तर लिंबू घरून न्या, कारण तिथली मिठात बुडवलेली फोड सकाळपासून किती कणसांवर फिरलीय कुणास ठाऊक.

आणखी एक. कणीस खाल्ल्यावर शौचात अख्खे दाणे दिसले म्हणून घाबरून येणारे दर पावसाळ्यात असतात. दाण्याचं साल आपल्याला पचत नाही, एवढंच ते. नीट चावून खा. मात्र चार वर्षांच्या आतल्या लेकराच्या हातात अख्खे दाणे देऊ नका, हसता-रडता दाणा श्वासनलिकेत जातो. त्याला कुस्करून द्या.

आजींनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे भुट्टा बंद नाही ना?" मी म्हटलं, "नाही, भाकरी अर्धी." त्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.